आधी चक्कर की आधी मार?
(प्रस्तावना)

बापू नाडकर्णी हे नाव निघालं की क्रिकेटवेडा माणूस लगेच सलग 21 निर्धाव षटकांचा विक्रम ऐकवतो. 1964 सालची मद्रास कसोटी. नाशिकमध्ये जन्मलेल्या या कंजूष डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं त्याच्या दोन वर्षं आधी केलेलं एक काम मात्र कुठल्याच धावफलकावर नाही. मार्च 1962 मध्ये भारतीय संघ बार्बाडोसमध्ये खेळत होता. चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटी फुटली. फलंदाजानं हेल्मेट घालायची पद्धतच तेव्हा नव्हती. तातडीनं शस्त्रक्रिया करायची होती, रक्त हवं होतं. वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल रक्त द्यायला पुढं आला. त्याच्याबरोबर चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर, दौऱ्यावर आलेले पत्रकार के. एन. प्रभू आणि नाडकर्णी. कॉन्ट्रॅक्टर सहा दिवस बेशुद्ध होते. ते वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्यांच्या कवटीत पुढं बसवलेली धातूची पट्टी निघाली ती तब्बल साठ वर्षांनी, 2022 मध्ये, मुंबईत.

दुसरी गोष्ट ढाक्याची. 20 फेब्रुवारी 1998 रोजी एका क्लब सामन्यात रमण लांबा शॉर्ट लेगला उभे राहिले, हेल्मेट न घालता. दोन-चार चेंडूंसाठी कशाला मागवायचं, असा हिशेब. फलंदाजाचा फटका त्यांच्या डोक्याला लागून उडाला आणि यष्टिरक्षकानं झेल घेतला. गडी बाद झाला म्हणून मैदानावर जल्लोषही झाला असेल. लांबा उठले आणि चालत ड्रेसिंग रूममध्ये गेले. थोड्या वेळानं प्रकृती ढासळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. 23 फेब्रुवारीला ते गेले. वय 38.

ज्याची कवटी सगळ्यांदेखत फुटली तो वाचला, आणि जो आपल्या पायांनी चालत गेला तो वाचला नाही. डोक्याच्या माराबद्दल ही पुस्तिका जे काही सांगू पाहते, त्याचं मूळ या दोन सामन्यांमध्ये आहे.

मराठीत ‘मुका मार’ असा एक नेमका शब्द आहे. बाहेर रक्त नाही, खोक नाही, पण आत काहीतरी झालेलं आहे. पाठीला किंवा मांडीला मुका मार लागला तर ठणका स्वतःच बोलायला लागतो. डोक्याचं तसं नाही. मेंदू साधारण सव्वा ते दीड किलोचा, चहूबाजूंनी हाडाच्या बंद डब्यात ठेवलेला. या डब्याला फुगायला जागा नाही. कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या अंगानं एक धमनी जाते. हाड तडकलं आणि ही धमनी फाटली की रक्त मेंदूच्या आवरणाबाहेर साठू लागतं. पहिला धक्का ओसरल्यावर माणूस शुद्धीवर येतो, पाणी मागतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो, कधी गाडीला किकही मारतो. आत गोळा वाढत असतो. तास-दोन तासांनी, कधी त्याहून उशिरा, डोकं फुटेल असं दुखू लागतं, उलट्या होतात, पेंग येते. घरचे म्हणतात, दमलाय, झोपू द्या.

या मधल्या बऱ्या वाटणाऱ्या वेळेनं जितका घात केलाय तितका भळाभळा वाहणाऱ्या जखमेनं केला नसेल. टाळूची कातडी रक्तानं इतकी समृद्ध असते की इंचभर खोकेतून शर्ट भिजतो आणि बघणारे घाबरून दवाखाना गाठतात. म्हणजे रक्ताचं भय माणसाच्या कामी येतं. नुसतं टेंगूळ आलेल्याला मात्र हळद आणि बर्फ लावून घरी बसवलं जातं.

नाशिक जिल्ह्यात डोकी फुटण्याच्या जागा आणि वेळा ठरलेल्या आहेत असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या पोटातून जातो. द्वारका, मुंबई नाका, आडगाव, पाथर्डी फाटा ही नावं रोजच्या अपघातवृत्तांत असतात. पुण्याकडे मोहदरीचा घाट, मुंबईकडे कसारा, धुळ्याकडे चांदवडजवळचा राहूड घाट. द्राक्षांच्या हंगामात मजुरांनी भरलेल्या पिकअप पहाटे निघतात, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शेतावर जाणं ही तर वर्षभराची रीत. संक्रांतीला येवल्यात तीन दिवस आभाळ पतंगांनी भरतं. एका हातात मांजा, मागं मांजा गुंडाळलेली आसारी धरणारा भाऊ, नजर वर आणि पाय गच्चीच्या कठड्याकडे सरकत असलेले. पावसाळ्यात हरिहर गडाच्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांवर शनिवार-रविवारी रांग लागते. आणि बारा महिने तेरा काळ न्हाणीघराची ओली फरशी आहेच. तिची बातमी होत नाही, पण साठीच्या पुढच्या माणसांना तिच्याइतका धोका घाटापासूनही नसेल.

हेल्मेटचा विषय निघाला की नाशिककरांना 15 ऑगस्ट 2021 आठवतो. त्या दिवसापासून शहर पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू केली. पंपावर लोकांनी एकमेकांची हेल्मेटं उसनी घेतली, पेट्रोल भरून झालं की परत केली. हा शहाणपणा वाया गेला म्हणायचा. पुढं विनाहेल्मेट सापडलेल्यांना दोन तास समुपदेशनाला बसवण्याचीही टूम निघाली. दोन तास वाया जाणं हे पाचशे रुपयांच्या दंडापेक्षा अनेकांना जास्त झोंबलं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यांपैकी 50,029 जण दुचाकीवर विनाहेल्मेट होते आणि त्यांतले 14,337 मागं बसलेले होते. मागं बसलेली म्हणजे बहुतेक घरांत बायको, आई नाहीतर कॉलेजला निघालेली मुलगी. हेल्मेटनं मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे 69 टक्क्यांनी घटतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालेलं आहे. अर्थात पट्टा लावलेला असेल तर. हँडलला लटकवलेलं हेल्मेट हँडलचंच रक्षण करतं.

आता चक्कर. मराठी माणूस या एका शब्दात किमान चार गोष्टी कोंबतो. खोली गरगर फिरते तेव्हाही चक्कर, उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते तेव्हाही चक्कर, शुद्ध हरपून माणूस कोसळतो तेव्हाही चक्कर, आणि फीट आली हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणूनही चक्करच. खरं तर भाषेकडे शब्दांची ददात नाही. भोवळ, घेरी, झीट, मूर्च्छा, फेफरं असे कितीतरी आहेत. डॉक्टरांपुढं मात्र यांतला एकही निघत नाही. ‘चक्कर आली’ एवढं सांगून रुग्ण गप्प, आणि डॉक्टरला कानाचा आजार, रक्तदाब, हृदय, साखर, अपस्मार या सगळ्या वाटा एकदम उघड्या.

साधी मूर्च्छा बहुधा निरुपद्रवी असते. शाळेच्या मैदानात उन्हात प्रार्थनेला उभं राहिलेलं मूल, इंजेक्शनची सुई पाहिलेला धिप्पाड तरुण, नवरात्राचे कडक उपास धरून त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत उभी असलेली बाई, चैत्रात खानदेशातून सप्तशृंगगडाकडे पायी निघालेला भाविक. रक्त पायांत साठतं, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो, मेंदूला क्षणभर पुरवठा कमी पडतो आणि शरीर आडवं होतं. आडवं होणं हाच त्यावरचा उपाय असतो. डोकं हृदयाच्या पातळीला आलं की रक्त पोचतं आणि बहुतेक जण मिनिटभरात डोळे उघडतात. त्याच मिनिटात कुणीतरी कांदा फोडून नाकाला लावलेला असतो आणि श्रेय कांद्याला जातं. लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याविरुद्ध बोलणं धाडसाचं, तरी बोलायला हवं. कांदा, चप्पल, तोंडात कोंबलेला चमचा, बेशुद्धाच्या घशात ओतलेलं पाणी यांतलं काहीही उपयोगाचं नाही. शेवटचे दोन तर जिवावर बेततात. चमच्यानं दात तुटतो आणि पाणी फुप्फुसात जातं. लोकांनी भोवतीचं कोंडाळं मोडावं, पडलेल्याचे पाय हातभर वर धरावेत, गळ्याशी कपडा सैल करावा आणि घड्याळ पाहावं. अर्थात पडताना मार लागलेला नसेल तरच पाय उचलायचे.

घड्याळ का? कारण दोन मिनिटं उलटूनही शुद्ध आली नाही तर ती साधी मूर्च्छा नव्हे. श्वासच चालत नसेल, किंवा मासा तडफडावा तशी अधूनमधून नुसती धाप लागत असेल, तर घड्याळही पाहत बसायचं नाही. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 या गतीनं, जोरानं दाबत राहायचं आणि दुसऱ्याला रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक लावायला सांगायचं. धावताना, जिना चढताना किंवा आडवं असताना आलेली मूर्च्छा, आधी छातीत धडधड किंवा दुखणं, घराण्यात कुणी तरुणपणीच अचानक गेलेलं असणं, गरोदर बाई, काळी शी होणारा माणूस, मधुमेहाच्या गोळ्या घेऊन न जेवलेले आजोबा या सगळ्यांची चक्कर दवाखान्यात तपासल्याशिवाय सोडायची नाही, मग माणूस उठून हसत बोलत का असेना.

डोक्याचा मार आणि मूर्च्छा हे दोन वेगळे विषय एकाच पुस्तिकेत का बांधले, असं कुणी विचारील. आपत्कालीन कक्षातल्या खाटेवर ते नेहमी एकत्रच येतात म्हणून. सत्तरीचे एक गृहस्थ न्हाणीघरात पडलेले सापडतात, कपाळावर टेंगूळ, अर्धवट शुद्ध. घसरले, डोकं आपटलं म्हणून शुद्ध गेली? की हृदयाचे ठोके चुकले, शुद्ध गेली आणि मग डोकं आपटलं? पहिल्या वाटेनं गेलं तर सीटी स्कॅन, दुसऱ्या वाटेनं गेलं तर त्याच्या जोडीला ईसीजीही. आधी चक्कर की आधी मार, या प्रश्नाचं उत्तर रुग्णाजवळ नसतं. त्याच्या आठवणीतली नेमकी तीच पट्टी पुसली गेलेली असते. ते असतं पाहणाऱ्याजवळ. चेहरा पांढराफटक पडला होता का, हातपाय किती वेळ झटकले, जीभ चावली गेली का, शुद्धीवर आल्यावर ओळख लगेच पटली की अर्धा तास बावचळल्यासारखं झालं. मूर्च्छेतही काही क्षण हातपाय उडतात, पण शुद्ध पटकन आणि स्वच्छ येते. फीटनंतर माणूस बराच वेळ भानावर नसतो. कुठलंही यंत्र ही माहिती मागाहून देऊ शकत नाही.

आणि नेमका हा पाहणाराच आपल्याकडे रुग्णालयाच्या दारातून परत फिरतो. पोलीस विचारतील, साक्षीला बोलावतील, पैसे आपल्यालाच भरायला लावतील. भीती पूर्वी निराधार नव्हती, आता आहे. जखमीला आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावलं. एका स्कूटरस्वाराला ‘पोलीस केस आम्ही घेत नाही’ म्हणून दुसरीकडे पाठवलं गेलं आणि तो वाटेत गेला, अशा बातमीवरून तो खटला उभा राहिला होता. 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना न्यायालयानं कायद्याचं बळ दिलं, आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. जखमीला पोचवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याला नाव सांगण्याची सक्ती नाही. रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीसाठी मे 2025 पासून केंद्राची विनारोकड उपचार योजना आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. रुग्णालयाच्या खिडकीवर हे वाक्य म्हणता यायला हवं, म्हणून पुढं एका प्रकरणात ते मोठ्या अक्षरांत छापलं आहे.

नाशिकमध्ये जायचं कुठं, हा पुस्तिकेचा सर्वांत व्यवहारी भाग. 108 ची सेवा महाराष्ट्रात 2014 च्या जानेवारीत सुरू झाली ती 937 रुग्णवाहिका घेऊन. त्यांतल्या 233 प्रगत जीवरक्षक होत्या, आणि गाडीत डॉक्टर असणं हे या सेवेचं वैशिष्ट्य. फोनवर ‘लवकर या हो’ असं चार वेळा ओरडण्यापेक्षा रस्त्याचं नाव, जवळची खूण, गाडी शहराकडे जाणाऱ्या बाजूला की येणाऱ्या, जखमी किती आणि श्वास चालू आहे का, एवढं सांगितलं तर मिनिटं वाचतात. मान वाकडी झालेल्या जखमीला रिक्षात घडी घालून नेण्यापेक्षा रुग्णवाहिकेची दहा मिनिटं थांबलेली बरी. तीच रुग्णवाहिका तासभर लांब असेल तर मात्र टेम्पोत फळी टाकून, डोकं-मान-धड एका रेषेत धरून निघायचं. इथं नियमापेक्षा तारतम्य मोठं.

त्र्यंबक रस्त्यावरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’, हे जिल्ह्यातल्या अपघातांचं सरकारी केंद्र. गोल्फ क्लबचं मैदान, म्हणजे रणजी सामने होतात ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, त्याच्या शेजारीच आहे. चेंडू डोक्याला लागलाच तर नाशिकचा खेळाडू बार्बाडोसपेक्षा भाग्यवान. नाशिकरोडला महापालिकेचं बिटको, पंचवटीत इंदिरा गांधी, कथड्यात डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय. आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय महामार्गालगत, तर इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात धामणगावचं एसएमबीटी रुग्णालय. शालिमारचं विभागीय संदर्भ रुग्णालय मोठं असलं तरी ते हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा आजारांसाठी. फुटलेलं डोकं घेऊन तिथं धावणं म्हणजे वेळ घालवणं. खासगी रुग्णालयं मुंबई नाक्याच्या परिसरात आणि गंगापूर रस्त्यावर दाटीनं आहेत. त्यांना पाटी पाहून निवडू नये. दोनच प्रश्न आधी फोन करून विचारायचे. सीटी स्कॅन रात्री चालू असतो का? मेंदूचा सर्जन किती वेळात पोचतो?

सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावर हे दोन्ही प्रश्न जवळजवळ निरर्थक ठरतात. सुरगाण्याहून नाशिक ऐंशी-नव्वद किलोमीटर, तेही घाटातून. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात श्वासमार्ग मोकळा करणं, रक्तदाब सावरणं, फीट थांबवणं आणि पुढं कळवून पाठवणं एवढं होतं, आणि ते कमी नाही. मेंदूला पहिली इजा अपघात करतो. दुसरी इजा प्राणवायू कमी पडल्यानं आणि रक्तदाब घसरल्यानं होते, आणि ती वाटेत टाळता येते. कळवण, मालेगाव ही मधली ठाणी म्हणूनच महत्त्वाची.

रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टर जखमीला नाव विचारतात, बोट दाबतात, डोळे उघडायला सांगतात, तेव्हा नातेवाईक वैतागतात. ‘स्कॅन करा ना आधी!’ ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 1974 मध्ये मांडलेली ही शुद्धीची मोजणी आहे. डोळे उघडण्याला 4 पर्यंत गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6. पूर्ण शुद्धीत 15, कमीत कमी 3. आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. एका आकड्यापेक्षा आकडा कुठल्या दिशेनं चाललाय ते जास्त बोलतं. पंधराचा तेरा झाला की न्यूरोसर्जनला उठवलं जातं. घरी सोडलेल्या रुग्णाची हीच मोजणी पुढचे चोवीस तास नातेवाइकांनी साध्या भाषेत करायची असते. झोपू द्यायला हरकत नाही, पण डॉक्टर सांगतील तितक्या वेळानं हाक मारून तो नीट उत्तर देतो का पाहायचं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, जड जीभ, लुळा हात, यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहायची नाही.

एक चूक इतकी सर्रास होते की तिला वेगळं प्रकरण दिलं आहे. तोंडाला दारूचा वास आला की बरळणं, झोकांड्या, उलट्या सगळ्याचा हिशेब दारूच्या खात्यावर जातो. दारू प्यालेला माणूसच जास्त पडतो, आणि त्याचंच डोकं सर्वांत कमी तपासलं जातं. दुसरं प्रकरण म्हाताऱ्या माणसांचं. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या वरच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ आपटण्यानंही ठिबकू लागतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अधिकच. पडल्याचं घर विसरून जातं, आणि तीन-चार आठवड्यांनी आजी चालताना एका बाजूला झुकतात, नातवंडांची नावं चुकवतात. सगळे म्हणतात, वय झालं. स्कॅनमध्ये जुनं रक्त दिसतं, कवटीला छोटं भोक पाडून ते काढलं की पुष्कळदा आजी पूर्ववत होतात.

2027 मध्ये नाशिकला सिंहस्थ कुंभमेळा आहे. 2003 च्या सिंहस्थात 27 ऑगस्टला रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन 39 माणसं गेली, ते शहर विसरलेलं नाही. मोठ्या गर्दीत भोवळ येऊन पडणं नेहमीचंच, आणि अशा वेळी रुग्णवाहिका पोचेपर्यंत पडलेल्याजवळ असतो तो शेजारचा अनोळखी माणूस. पुस्तिका त्याच्यापर्यंत पोचावी अशी अपेक्षा आहे, म्हणून ती खिशात मावेल एवढी ठेवली.

शेवटचं पान कोरं सोडलं आहे. त्यावर घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, चालू गोळ्यांची नावं, रक्त पातळ करणारी कुठली ते अधोरेखित, आणि रात्री सीटी स्कॅन चालू असल्याची फोन करून खात्री केलेल्या जवळच्या रुग्णालयाचा नंबर लिहायचा. पेन्सिलीनं लिहावं, गोळ्या बदलत असतात.